सेवा करा

डॉ. वशी निवृत्त झाले आणि त्यांच्या खुर्चीवर डॉ. तिखे आले, तेव्हा सुरतेतल्या आमच्या हॉस्पिटलात सगळ्यात जास्त घाबरले ते पेशंट. ट्रस्टी खूश होते, ज्युनियर डॉक्टर खूश होते, कॅन्टीनवालासुद्धा खूश होता. पेशंटांची मात्र पाचावर धारण बसली.

मी तेव्हा पुरुषांच्या सर्जिकल वॉर्डची इन्चार्ज होते. कुसुम सिस्टर म्हणून उधन्यापासून डिंडोलीपर्यंत मला लोक ओळखायचे. माहेर माझं धरणगावचं, त्यामुळे खानदेशी माणूस वॉर्डात आला की आधी माझं गाव विचारायचा आणि मग आपलं पोट दाखवायचा. तिखेसाहेबांना लोक का घाबरले हे सांगायचं तर आधी वशीसाहेब सांगायला हवेत.

वशीसाहेब म्हणजे अस्सल सुरती गडी. शिवी दिल्याशिवाय त्यांचं वाक्य पुरं होत नसे आणि त्या शिवीत राग कमी, माया जास्त. ट्रस्टचं हे हॉस्पिटल त्यांनी वर्षानुवर्षं चालवलं. बसायचे ऑफिसात, पण सकाळी एकदा वॉर्डच्या दारात उभे राहून गर्जना करायचे, "अल्या, हजी सूतो छे? बीडी बंध कर ने कामे लाग!" अजून लोळतोयस काय, बिडी सोड आणि कामाला लाग, असं. ज्याच्यावर साहेब ओरडले, त्याच्या घरचे तिथल्या तिथे निर्धास्त व्हायचे. ओरडा मिळाला म्हणजे माणूस वाचला. खाटेपर्यंत वशीसाहेब फक्त एकाच प्रसंगी जायचे. बाकीच्या डॉक्टरांनी हात टेकले की ते स्वतः येत, स्टूल ओढून बसत, पेशंटच्या खांद्यावर हात ठेवत आणि नातेवाइकांना अगदी हळू आवाजात सांगत, "घेर लई जाव. सेवा करो." समोर मराठी माणूस असला तर मराठीत सांगत, "घरी न्या. सेवा करा."

त्याचा अर्थ आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक होता. आता औषधाचं काम संपलं, पोराबाळांना बोलावून घ्या, तोंडात पाणी घाला. लोकांच्या बोलण्यातच तो शब्द रुळला होता. "मामाचं काय झालं?" असं विचारलं की "त्याले सेवा सांगी दिनी," एवढंच उत्तर यायचं, आणि विचारणारा डोक्यावरची टोपी काढायचा.

तिखेसाहेब अमरावतीकडचे. आडनाव तिखे, पण माणूस बिनमिरचीच्या भाजीसारखा. शुद्ध बोलणं, हळू बोलणं, शिपायालासुद्धा अहो-जाहो. पेशाने फिजिशियन, हात गुणाचा. चौऱ्याण्णवचा प्लेग होऊन गेल्यानंतरची ती वर्षं, सगळं शहर झाडून-पुसून निघत होतं, आणि ट्रस्टींना आपलंही हॉस्पिटल लखलखीत करणारा माणूस हवा होता. तो त्यांना मिळाला. साहेबांनी पाण्याच्या टाक्या घासून घेतल्या, धोब्याचा घोळ मिटवला, ऑपरेशनच्या वेळा पाळायला लावल्या. पण खुर्ची घेताना त्यांनी एक अट घातली होती. रोज सकाळी सगळ्या वॉर्डांचा राउंड, खाट न् खाट, ते स्वतः घेणार. "जो दवाखाना चालवतो त्यानं रोज आजारी माणूस पाहिला पाहिजे, सिस्टर," ते मला म्हणाले. "नाहीतर तो नुसता टाक्या आणि पगार पाहत बसतो."

विचार सोन्यासारखा होता, पण पहिल्याच दिवशी काय झालं ते ऐका. धुडकूआप्पा म्हणून एक म्हातारा हर्नियाचं ऑपरेशन करून मजेत पडला होता. साहेब आले, स्टूल ओढलं, खांद्यावर हात ठेवला आणि गोड आवाजात विचारलं, "कसं वाटतंय आप्पा?" आप्पा पांढराफटक पडला. त्याने पोराला हाक मारली आणि सायकल धाकट्याला द्यायची, थोरल्याने भांडायचं नाही, असं सांगून टाकलं. मला हसू आवरेना. नंतर ऑफिसात जाऊन मी साहेबांना सांगितलं की इथे मोठे साहेब खाटेशी आले म्हणजे लोक वाईट अर्थ काढतात. साहेबही हसले. "होईल सवय," म्हणाले.

आणि खरंच झाली. दिवाळी येईतो लोक त्यांना बिचकेनासे झाले. काही जण तर मुद्दाम उठून बसायचे, साहेब आले की घरची गाऱ्हाणी सांगायचे. मला वाटलं, मिटलं.

संक्रांतीच्या सुमारास भटू बडगुजर आला. डिंडोलीत राहणारा, लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, कारागीर. पोट दुखत असताना दोन पाळ्या तशाच ओढल्या आणि अपेंडिक्स आत फुटल्यावर त्याला उचलून आणला. वाचेल की नाही अशी हालत होती. ऑपरेशन झालं, ताप चढला, उतरला, पुन्हा चढला. त्याची बायको पुष्पाबाई वॉर्डच्या व्हरांड्यात ठाण मांडून होती. मुलगी योगिता शाळा सुटली की घरून डबा घेऊन यायची आणि बापाच्या पायथ्याशी बसून बारावीचं पुस्तक उघडायची. बाप झोपला असला तरी ती ओठ हलवत वाचत राहायची. मला ती पोर आवडायची. शेवटी ताप गेला, भटू भाकरी मागायला लागला, आणि त्याला घरी सोडायचं ठरलं. ज्या दिवशी सोडलं त्या दिवशी माझी सुट्टी होती.

त्यानंतर काही दिवसांनी दुपारी पुष्पाबाई वॉर्डात आली. हातात हळदीकुंकवाची कोयरी. माझ्या कपाळाला कुंकू लावून म्हणाली, "ताई, आईतवारले योगितानं लगीन शे. तुम्हले येनंच पडी."

मी हातातला ट्रे खाली ठेवला. "लगीन? परीक्षा ना तिनी? इतली घाई कसानी?"

पुष्पाबाईचे डोळे भरून आले. "त्यासना डोयासमोर हुई जाऊ द्या, ताई. आते त्या कितला दिन शेतस?"

"कोनी सांगं तुले?"

"मोठा साहेबनी. तुम्ही त्या दिन नही व्हतात. साहेब खाटजवळ बसनात, यासना खांदावर हात ठेवा, आनि माले सांगं, घरी न्या, सेवा करा." पदराने डोळे पुसून ती पुढे म्हणाली, "चांगला मानूस शे साहेब. सांगताना हसत व्हता, आम्हले धीर याले म्हनीसन."

मला संताप आला. कुणाचा, तेही कळेना. मी तिला म्हटलं, अगं बाई, भटू बरा झालाय. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू बिचारी सिस्टरही खोटं बोलतेय. तिला तिथेच बसवून मी तडक ऑफिसात गेले.

साहेब लिफ्टवाल्या कंपनीच्या माणसाशी बोलत होते. मी त्या माणसाला बाहेर जायला सांगितलं. असं मी कधी करत नसे, त्यामुळे साहेबांनी चष्मा काढला. मी सगळं सांगितलं, वशीसाहेबांच्या दोन शब्दांसकट.

"पण तो बरा झाला होता म्हणूनच मी म्हणालो," ते म्हणाले. "घरी न्या, सेवा करा, म्हणजे नीट काळजी घ्या. दुसरा काय अर्थ होतो त्याचा?"

"इथं होतो, साहेब. आणि तुमच्या खुर्चीवरून तर तोच होतो. हेच वाक्य इंटर्न म्हणाला असता, तर कुणी लक्ष दिलं नसतं."

त्यांनी चष्मा टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "आणखी किती जणांना म्हणालो असेन मी हे?" त्यांनी कोट खुंटीवर अडकवला आणि ड्रायव्हरला हाक मारली.

हॉस्पिटलच्या गाडीतून आम्ही डिंडोलीला निघालो. पुष्पाबाई मागे माझ्या शेजारी अंग चोरून बसली होती. उड्डाणपुलाखाली पोंकाच्या, म्हणजे ज्वारीच्या हुरड्याच्या, गाड्या लागल्या होत्या आणि तारांना उत्तरायणाचे फाटके पतंग लटकत होते. साहेब पुढे बसून मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते हे मला मागून कळत होतं. त्यांना वाटत होतं, आपण जाऊ, शांतपणे समजावू, गैरसमज दूर होईल. मलाही तसंच वाटत होतं, ते का खोटं सांगू?

भटूच्या गल्लीत मांडवाचे बांबू उभे राहिले होते. दारासमोर बायका पापड लाटत बसल्या होत्या. हॉस्पिटलची गाडी थांबली, तिच्यातून पुष्पाबाई उतरली आणि तिच्यामागून मोठे साहेब उतरले. एका बाईने ते पाहिलं, हातातलं लाटणं टाकलं आणि गळाच काढला. मग दुसरीने काढला. साहेब स्वतः घरी आले, म्हणजे आजचा दिवस निघत नाही, असं त्या धरून चालल्या. आत जाईपर्यंत निम्मी गल्ली रडत होती.

भटू पुढच्या खोलीत खाटेवर पडला होता. दाढी वाढलेली, उशाशी तांब्या आणि तुळशीचं पान. जवळ त्याचा थोरला भाऊ पंडित बसलेला. कोपऱ्यात योगिता, हाताला ओली हळद. आम्हाला पाहून ती उठून उभी राहिली.

साहेब खाटेच्या कडेवर बसले. त्यांचा हात आपोआप भटूच्या खांद्यावर गेला. मी मागून म्हणणार होते की साहेब, हात काढा, पण तोवर उशीर झाला होता.

"भटूभाऊ," ते आपल्या त्या मऊ आवाजात म्हणाले, "तुम्ही पूर्ण बरे झाला आहात. तुम्हाला काहीही होणार नाही. मनातली भीती काढून टाका."

भटूने दोन्ही हात जोडले. त्याच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं. "साहेब, तुम्ही खूप करं मन्हाकरता. आते वाईट वाटू नका लई. पोरनं लगीन देखसू नि जासू." आणि त्याने साहेबांचा हात आपल्या हातांत घेऊन थोपटला. मरणारा माणूस डॉक्टरचं सांत्वन करत होता.

साहेबांनी आणखी समजावलं. जितकं समजावलं तितकं बिघडलं. ते जितके हळू बोलत, तितकं बाहेरचं रडणं वाढे. पंडितने मान हलवत मला सांगितलं, "देव मानूस शे, ताई." मला साहेब आणि पंडित या दोघांच्याही डोक्यात काहीतरी घालावंसं वाटत होतं.

तेवढ्यात साहेबांनी विचारलं, "गोळ्या चालू आहेत ना?"

पुष्पाबाई खाली बघायला लागली. गोळ्या बंद होत्या. सेवा सांगितल्यावर कशाला हव्यात गोळ्या? पट्टीही बदलली नव्हती. साहेबांनी सदरा वर करायला लावला आणि पट्टी सोडली. जखम भरली होती, पण एका कोपऱ्याला ओल धरली होती. आणखी आठवडाभर तशीच राहिली असती तर पोटात पू झाला असता आणि माणूस खरोखरच गेला असता. साहेब त्या जखमेकडे बघत राहिले. मग त्यांनी खोलीभर नजर फिरवली. तुळशीचं पान, पंडितची खाली गेलेली मान, पोरीचे हळदीचे हात. मागे फळीवर तिची पुस्तकं सुतळीने बांधून ठेवली होती, ती त्यांनी पाहिली.

आणि मग तिखेसाहेब उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांचा आवाज चढलेला ऐकला. शुद्ध मराठी कुठच्या कुठे गेली, आणि पोटातली वऱ्हाडी बाहेर आली.

"काय लावलं हे तुम्ही? काहून मरते रे तू? कोनं सांगतलं तुले मरासाठी? रात न् दिवस एक करून वाचवलं तुले, अन् तू गोळ्या खात नाहीस? अन् पट्टी? पट्टी काहून नाही बदलवली? हा तांब्या उचला आधी इथून!" भटू उशीला चिकटून राहिला. बाहेरचं रडणं एकदम थांबलं. साहेबांचं चालूच होतं. "सोमवारी येजो दवाखान्यात. पायी येजो. लायनीत उभा राह्यजो, सगळ्याइसारखा. अन् मी नाही पाहत तुले, समजलं? मले टाईम नाही तुले पाहाले. शिकाऊ पोट्टं पुरते तुले, शिकाऊ!"

साहेब स्वतःच दचकले होते. त्यांनी रुमालाने कपाळ पुसलं आणि आता माफी मागणार अशा बेताने तोंड उघडलं. मी त्यांचं कोपर धरून दाबलं.

पहिली बोलली पुष्पाबाई. आधी तिच्या तोंडून नुसता हुंदका फुटला. मग ती दाराकडे धावली आणि बाहेरच्या बायकांना ओरडून सांगू लागली, "ऐकं का व माय! साहेब वरडना यासवर! शिकाऊ डाक्टर पुरस म्हने! शिकाऊ!" आणि ती उंबऱ्यावरच बसून हसायला आणि रडायला एकदम लागली. गल्लीत ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. लाटणी पुन्हा सुरू झाल्याचंसुद्धा मला ऐकू आलं.

भटू हळूहळू उठून बसला. "मंग मी मरत नही का, साहेब?"

"नाही," साहेब तुटकपणे म्हणाले. आता त्यांना युक्ती कळली होती.

भटूने चहा मागितला. मी जखम धुऊन नवी पट्टी बांधत होते, तेव्हा माझ्या हाताखाली त्याचं पोट हसण्याने हलत होतं. इतका आनंद माणसाला जगायचा होतो हे मी वॉर्डात इतकी वर्षं काढूनही असं जवळून पाहिलं नव्हतं. माझेही डोळे भरले, आणि मी ते कुणाला दिसू दिले नाहीत.

एकटी योगिता अजून कोपऱ्यातच उभी होती.

पंडित खाकरला. "बरं झायं," तो म्हणाला. "आते लगीन आनंदमा हुई. भटू सोता कन्यादान करी."

योगिता पुढे आली. बापाच्या खाटेशी उभी राहिली आणि सुरतेत वाढलेल्या पोरांच्या त्या सरळ मराठीत म्हणाली, "पप्पा, तुम्ही मरणार होता म्हणून मी हो म्हटलं होतं. आता तुम्ही जगणार आहात ना, मग मला लग्न नाही करायचं. मला पेपर द्यायचे आहेत."

तिच्या आईने घाईने तिचा दंड धरला. पंडितचा चेहरा कडक झाला. "शब्द दिना शे पाव्हनासले. जातमा तोंड कसं दाखाडसूत?"

मी साहेबांकडे पाहिलं. वाटलं, आता पुन्हा ओरडतील. पण ते चष्मा पुसत राहिले. त्यांचा अधिकार जखमेपर्यंत होता आणि ते त्यांना कळत होतं. सगळे भटूकडे बघत होते. भटू पोरीच्या हातांकडे बघत होता. ती हळद ओढणीला पुसत होती.

"दादा," भटू शेवटी भावाला म्हणाला, "तो शब्द मरनारा मानूसनी दिना व्हता. पाव्हनासले सांगी दे, भटू बचना म्हनीसन."

"आनि लगीन?"

"भटू बचना," त्याने पुन्हा म्हटलं. "इतलंच सांग. पुढलं त्यासले समजी."

पंडित तणतणत बाहेर गेला. पोर मटकन खाली बसली आणि बापाच्या मांडीवर डोकं ठेवून मोठ्याने रडली. त्या घरात मघापासून सगळे रडत होते, ती मात्र आत्ता रडली.

परत येताना साहेब गाडीत एकदाच बोलले. "सिस्टर, बऱ्या होऊन घरी जाणाऱ्यांना यापुढे काय सांगू?" मी म्हटलं, काहीच सांगू नका, दारातून ओरडा. ते हसले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी राउंड थांबवला नाही, पण घरी सोडायचा निरोप ते इंटर्नकडून देऊ लागले. राउंड चालू असताना नुसतं बघायचे, मान हलवायचे, पुढे सरकायचे. त्यांना ते जड जायचं. माणसाशी बोलल्याशिवाय राहवत नसे त्यांना.

सोमवारी सकाळी ओपीडीची रांग व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेली होती. रांगेच्या मध्यावर भटू उभा होता, दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून. शेजारी योगिता, खांद्याला शाळेचं दप्तर. मुलाकडचे पाव्हणे रुसले होते, पंडित अजून बोलत नव्हता, हे तिने मला हळूच सांगितलं आणि पुस्तकात बोट घालून ठेवलेलं पान पुन्हा उघडलं.

एवढ्यात तिखेसाहेब ऑफिसातून निघून व्हरांड्याने आले. त्यांनी भटूला लांबूनच पाहिलं. मला त्यांचा चेहरा दिसत होता. थांबावं, विचारावं, खांद्यावर हात ठेवावा, सगळं त्या चेहऱ्यावर आलं होतं. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले, नजर समोर ठेवली आणि भटूच्या अगदी अंगावरून, त्याच्याकडे ढुंकूनही न पाहता, निघून गेले.

भटूची छाती फुलली. मागच्यापुढच्या सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "देखं का? साहेब मन्हाकडे देखतसुद्धा नही!"